‘चालतंय की’ म्हणून हातात पडलेला चार्जर

लॅपटॉपचा चार्जर हा काय पोस्ट लिहायचा विषय आहे का, असं काही जणांना वाटेल. रस्ते, पाणी, नगरपालिका सोडून हा माणूस चार्जरवर कुठं घसरला? वाटू दे. कॉलेजं सुरू झालीत, विद्यानगरच्या खोल्या भरल्यात, आणि ज्या घरात शिकणारं पोर आहे त्या घरात आता बहुधा एक लॅपटॉप आहे. त्यातले बरेच हप्त्यावर घेतलेले, काही चुलत्याने वापरून दिलेले, काही पुण्याहून सेकंडहँड आणलेले. या सगळ्यांचा चार्जर कधी ना कधी जातोच. लॅपटॉप घेताना आपण चार दुकानं फिरतो, दहा व्हिडिओ बघतो, दोन इंजिनिअरांना फोन करतो. चार्जर घेताना मात्र काउंटरवर उभं राहून एवढंच सांगतो, “अमुक कंपनीचा लॅपटॉप आहे, चार्जर द्या.” पलीकडून एक काळा ठोकळा येतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत. “चालतंय की, बिनधास्त जावा घेऊन.”

माझं म्हणणं असं आहे की हा ठोकळा म्हणजे २३० व्होल्टची वीज आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेलं आपलं पोर यांच्यामधली एकमेव भिंत आहे. ती भिंत पक्की आहे की पुठ्ठ्याची हे तपासायची सोय कायद्याने करून ठेवलेली आहे, पण आपल्या तालुक्यात ती कुणी वापरत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानदार सांगत नाही, आणि ज्यांनी बघायचं ते बघत नाहीत. म्हणून हा विषय सार्वजनिक.

परवाचंच सांगतो. माझी भाची इथं इंजिनिअरिंगला आहे. तिचा चार्जर गेला, तिने बाजारातून नवा आणला. सातशे रुपये, बिल नाही, सहा महिन्यांची ‘तोंडी’ वॉरंटी. लॅपटॉप सुरू व्हायचा, पण बॅटरी चार्ज होईना. स्क्रीनवर कसलीशी सूचना यायची, ती एंटर मारून पुढे जायची. लॅपटॉप इतका मंद झाला की प्रोजेक्टची फाइल उघडायला पाच मिनिटं. आणि ठोकळा असा तापायचा की हात लावून धरवेना. ती परत दुकानात गेली तर उत्तर मिळालं, “ताई, चार्जर ओके आहे, तुमचा मदरबोर्ड गेलाय. आठ हजार खर्च येईल.” पोरगी रडकुंडीला आली. मला फोन, “मामा, घरी कसं सांगू?”

मी म्हटलं, आधी एक कर. वर्गात ज्याच्याकडे हेच मॉडेल असेल त्याच्याकडून लॅपटॉपसोबत आलेला मूळ चार्जर अर्धा तास मागून आण आणि लावून बघ. आणला, लावला, बॅटरी चार्ज व्हायला लागली, मंदपणा गेला. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, कारण हा एका दुकानाचा प्रश्न नाहीच. पण आठ हजारांचा निर्णय एका उसन्या चार्जरने टळला, हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा.

मग चूक काय होती? चार्जरवर कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं काहीतरी छापलं होतं, व्होल्ट बरोबर होते, पिनही बसत होती. इथंच बहुतेकांची गल्लत होते. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नसतं.

जुन्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते एकदा भिंग घेऊन, नाहीतर मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा. ‘इनपुट’ म्हणजे भिंतीतून येणारी वीज. तिथं बहुधा १०० ते २४० व्होल्ट असं असतं. म्हणून अमेरिकेतल्या चुलतभावाने आणलेला लॅपटॉप इथं चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. आपल्या कामाची ओळ ‘आउटपुट’ची. उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. यांचा गुणाकार केला की साधारण ६५ वॉट येतात. काही कंपन्या २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर देतात, तेही ६५ वॉट. कुणाचे १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर, पुन्हा ६५ च. हलक्या लॅपटॉपला ४५ वॉट पुरतात, थोड्या जाड लॅपटॉपला ९० लागतात, आणि गेमिंगवाल्यांचं तर दीडशे-दोनशेच्या पुढे जातं.

नियम साधा आहे. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, कमी नकोत. “जास्त अँपिअरचा लावला तर लॅपटॉप जळेल” ही आपल्याकडची पक्की समजूत आहे आणि ती चुकीची आहे. घराच्या मीटरवर किती लोड मंजूर आहे यावर आपला पंखा जास्त फिरत नाही, पंख्याला लागेल तेवढंच तो ओढतो. लॅपटॉपचंही तसंच. ९० वॉटचा चांगला चार्जर ६५ वॉटच्या लॅपटॉपला खुशाल लावा, व्होल्ट आणि पिन जुळत असेल तर. उलटं मात्र करू नका. ९० वाल्याला ४५ चा लावला तर चार्जर कायम धापा टाकत राहतो, तापतो आणि लवकर मरतो, नुसता मेला तर बरं. व्होल्टमध्ये अर्ध्याचा फरक असेल तर कारागीर मंडळी ‘चालतंय’ म्हणतात आणि बहुधा चालतंही. पण जुळणारा मिळत असताना ‘चालणारा’ का घ्यावा?

व्होल्ट-अँपिअरच्या शेजारी एक छोटी आकृती असते. मध्ये ठिपका, भोवती अर्धवट गोल, एका बाजूला अधिक, एका बाजूला उणे. पिनेच्या आत अधिक की बाहेर, ते त्यात कळतं. लॅपटॉपच्या गोल पिनांमध्ये बहुतेक वेळा आत अधिकच असतं, पण वायफायच्या डब्याचा, कॅसिओचा, सीसीटीव्हीचा चार्जर “पिन बसतीय” म्हणून लॅपटॉपला लावणारे महाभाग मी पाहिलेत. तिथं ही आकृती वाचवते.

पिनांचा तर बाजारच आहे. एकीची बाहेरची जाडी ७.४ मिलिमीटर, दुसरीची ४.५, तिसरीची ५.५, चौथीची ४, एकीचं तोंड चौकोनी. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांना दोन वेगळ्या पिना. आणि काहींच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. भाचीच्या चार्जरचा घोळ या सुईत होता. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ती सुई वीज वाहून नेत नाही, ओळखपत्र दाखवते. “मी अमुक कंपनीचा, इतक्या वॉटचा चार्जर आहे” असं लॅपटॉपला सांगते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप संशय घेतो, म्हणजे स्वतः चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग खाली आणतो. सुई वाकली, तिची बारीक तार आतून तुटली, किंवा स्वस्तातल्या चार्जरमध्ये ओळखीची चिपच धड नसली, तरी लक्षणं तीच. आणि ती लक्षणं ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून खपवायला फार सोपी.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. चार्जरच्या ठोकळ्यात दोन खोल्या असतात असं समजा. एका खोलीत घरातली २३० व्होल्टची वीज, दुसऱ्या खोलीत लॅपटॉपला जाणारे १९-२० व्होल्ट. दोन्हींच्या मध्ये तारेची थेट गाठ कुठेच नसते. वीज एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून चुंबकाच्या वाटेने पलीकडे जाते. चांगल्या चार्जरमध्ये या दोन खोल्यांत मोजून अंतर सोडलेलं असतं, ट्रान्सफॉर्मरच्या तारांवर नीट वेष्टन असतं, फ्यूज असतो, जास्त तापलं तर आपोआप बंद पडायची सोय असते, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा जो एक खास कपॅसिटर असतो तो सुरक्षेची परीक्षा पास झालेला असतो. स्वस्त मालात काटछाट नेमकी इथंच होते, कारण इथली काटछाट बाहेरून दिसत नाही. चार्जर चालतो. महिनाभर चालतो, वर्षभरही चालतो. एखाद्या रात्री वेष्टन वितळतं आणि २३० व्होल्ट पलीकडच्या खोलीत येतात, तिथून वायरने लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर, आणि त्यावर हात ठेवून बसलेल्या माणसात.

आपल्याकडे यात भर पडते ती अर्थिंगची. जुन्या वाड्यांत, भाड्याने दिलेल्या खोल्यांत तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. शोभेचं भोक. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या येतात, हे अनेकांनी अनुभवलंय. आता इथं न्यायाने बोललं पाहिजे. अर्थिंग नसेल तर अस्सल चार्जरवरही अशा बारीक मुंग्या येऊ शकतात, आणि त्या ठरलेल्या मर्यादेतल्या असतात. पण मुंग्या मर्यादेतल्या की मर्यादेबाहेरच्या हे मनगटाला कळत नाही. म्हणून खोली मालकांना हात जोडून सांगणं आहे. महिन्याला भाडं घेता, एकदा वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या. आणि पोरांनो, तीन पिनांची वायर आली असेल तर दोन पिनांचा जुगाड लावून ती वापरू नका.

पावसाळ्यात न्यूट्रल तुटायचे प्रकार आपल्या भागाला नवे नाहीत. तेव्हा घरात २३० च्या जागी तीनशेच्या वर दाब येतो आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एका झटक्यात जातात. अशा वेळी चांगला चार्जर स्वतः मरतो आणि लॅपटॉपला वाचवतो. वाईट चार्जर सोबत घेऊन जातो.

बरं, मग चांगला-वाईट ओळखायचा कसा? “वजनदार असला की चांगला” असं म्हणतात. अर्धं खरं आहे. फार हलका ठोकळा संशयास्पद असतो, पण आता गॅलियम नायट्राइड वापरून बनवलेले नवे चार्जर चांगले असूनही लहान आणि हलके असतात, आणि आत लोखंडाचा तुकडा घालून वजन वाढवणंही काही अवघड नाही. कंपनीचं छापील नाव? ते तर कुणीही छापतं. ‘ओरिजनल’, ‘ओईएम’, ‘फर्स्ट कॉपी’, ‘कंपॅटिबल’ हे काउंटरवरचे शब्द आहेत, त्यातल्या पहिल्या तिघांना पुराव्याशिवाय काही किंमत नाही. गंमत म्हणजे चौथाच त्यातल्या त्यात प्रामाणिक. “हा त्या कंपनीचा नाही, पण त्या लॅपटॉपला चालेल असा दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलाय” असं सांगणारा चार्जर, नाव-पत्ता-वॉरंटीसह असेल, तर तो घ्यायला माझी काहीच हरकत नाही. मूळ कंपनीचाच घ्या असा माझा आग्रह नाही. बेनामी घेऊ नका, एवढाच आहे.

आणि इथं ती कायद्याची सोय येते. केंद्र सरकारने २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. २०१४ मध्ये त्याची यादी वाढवली, त्यात संगणकाच्या उपकरणांचे पॉवर अडॅप्टर आले. म्हणजे भारतात विकायचा लॅपटॉपचा चार्जर आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, भारतीय मानक ब्युरोकडे नोंदवायचा आणि मगच बाजारात आणायचा. नोंदणीची खूण चार्जरवर छापलेली असते. मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक किंवा त्याच्या जागी येत असलेला आयएस/आयईसी ६२३६८, आणि इंग्रजी ‘आर’ अक्षर, आडवी रेघ, पुढे आठ आकडे.

हा आर नंबर खोटाही छापता येतो, म्हणून नुसता बघून भागत नाही. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट. त्यात आर नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, कशासाठी आहे, चालू आहे की नाही ते दिसतं. ठोकळ्यावर एक नाव आणि ॲपमध्ये भलत्याच वस्तूची नोंदणी निघाली तर समजून जा. तिथूनच तक्रारही करता येते. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम आहे. भाचीच्या चार्जरवर मी शोधला. आर नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही. नुसतं “केवळ घरात वापरा” अशा अर्थाचं घराचं चित्र आणि युरोपच्या खुणेसारखी दिसणारी दोन अक्षरं.

पत्त्याचंही तसंच. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर छापायला हवा, हे २०११ चे वजनमापाचे नियम सांगतात. आपल्याकडे वैधमापन विभागाचे निरीक्षक पेट्रोल पंपावर आणि भाजीवाल्याच्या तराजूवर बरोबर येतात. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात एकदा येऊन त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बघा की साहेब.

आता बिल. “बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वेगळे” हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या बाजारपेठेत नसेल. सातशेच्या वस्तूवर एकशे सव्वीस रुपये. आपण ते वाचवतो आणि त्यासोबत सगळे हक्क दुकानात ठेवून येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे, असं कायदाच म्हणतो. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही, मग ती कितीही सुबक अक्षरात रंगवलेली असो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही. सातशे रुपयांसाठी कोण साताऱ्याला जातो, हे मलाही कळतं. पण बिल हातात असलं की बहुतेक वेळा जावंच लागत नाही. दुकानदाराचा आवाज आपोआप खाली येतो.

दुकानदार मंडळींची बाजूही मांडतो, नाहीतर उद्या चौकात गाठतील. त्यातले काही माझे मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, “गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, सगळ्यात स्वस्त कुठला? चौदाशेचा दाखवला तर म्हणतं ऑनलाइन पाचशेला आहे. मग आम्ही पण पाचशेवालाच ठेवतो.” खोटं नाही. ऑनलाइनवर हेच बेनामी ठोकळे ‘ओरिजनल’ नावाने ढिगाने आहेत, खाली शेकडो स्टार. तपकीर गल्लीतून नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून माल आणणारा तालुक्याचा दुकानदार त्या किमतीशी कसा लढणार? दुसरं म्हणजे कंपन्या त्याला मूळ चार्जर देतच नाहीत. सर्व्हिस सेंटर पुण्यात नाहीतर कोल्हापुरात, तिथं आधी ऑर्डर, मग पैसे, मग आठवडाभर वाट. पोराची सबमिशन सोमवारी असते.

म्हणून माझा मोठा राग कंपन्यांवर आहे. साठ हजारांचा लॅपटॉप विकताना हजार मॉडेल काढता, पण चार्जरसारखी हमखास जाणारी वस्तू तालुक्याच्या गावात रास्त दरात मिळेल याची जबाबदारी घेत नाही. दर दोन वर्षांनी पिन बदलता, ओळखीची चिप घालता. सुरक्षेसाठी ती आहे म्हणता, मान्य. मग त्या चिपेचा नियम खुला करा म्हणजे दुसऱ्यालाही धड बनवता येईल. दाराला कुलूप आणि किल्ली फक्त तुमच्याकडे, तर लोक खिडकी फोडणारच. बनावट चार्जरचं पीक या खिडकीतूनच आलंय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. चांगलं पाऊल होतं. पण पोर्टलवर कंपनीचं पान असणं आणि कराडच्या दुकानात चार्जर असणं यात फार मोठं अंतर आहे.

दुरुस्तीचं निघालंच आहे तर एक सांगतो. गेलेल्या चार्जरपैकी बऱ्याच जणांचा ठोकळा शाबूत असतो, वायर गेलेली असते. पिनेच्या मानेशी, नाहीतर ठोकळ्यातून बाहेर पडते तिथं. आपण ती करकचून गुंडाळतो, पिनेला धरून ओढतो, पलंगाच्या पायाखाली दाबतो. वायर हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर नवा घ्यायच्या आधी जाणत्या कारागिराकडे जा. पिनेसकट नवी वायर दीड-दोनशेत बसते. फक्त जुन्याइतकीच जाड तांब्याची वायर घाला म्हणावं, आणि मध्ये सुईवाली पिन असेल तर आत तीन तारा असतात, दोन नव्हे. नुसती पट्टी गुंडाळून दिली तर पैसे देऊ नका. परीक्षा पास झालेला अस्सल ठोकळा दोनशे रुपयांत वाचत असताना सातशेचा बेनामी कशाला? आपल्या बाजारात असे हात अजून आहेत, त्यांच्याकडे काम गेलं तर राहतील.

नवा लॅपटॉप घेणार असाल तर या सगळ्या पिनांच्या भानगडीतून सुटायचा एक मार्ग आहे, टाइप-सी. जे तोंड आता बहुतेक फोनला आहे, तेच. यात चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलतात, मग ५, ९, १५ किंवा २० व्होल्टपैकी काय द्यायचं ते ठरतं. ठरेपर्यंत फक्त ५ व्होल्ट. त्यामुळे चांगल्या कंपनीचा ६५ वॉटचा एकच चार्जर लॅपटॉपला, फोनला, इयरफोनला, सगळ्यांना चालतो. घरात एक जादा असला तरी पुरतो.

पण इथंही डोळे उघडे ठेवा. लॅपटॉपला टाइप-सी भोक आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काहींमध्ये ते फक्त पेनड्राइव्ह आणि स्क्रीनसाठी असतं. ‘पॉवर डिलिव्हरी’ने चार्ज होतो का, किती वॉट मागतो, हे घेण्याआधी विचारा. फोनसोबत आलेला ६७ किंवा ८० वॉटचा चार्जर आकड्याने मोठा दिसतो, पण त्यातले बरेच त्या फोनशीच बोलतात, लॅपटॉपला लागणारे २० व्होल्ट देत नाहीत. केबलचंही आहे. साधी टाइप-सी केबल ६० वॉटपर्यंतच असते, त्यापुढे चिपवाली, १०० किंवा २४० वॉट लिहिलेली केबल लागते. ६५ चा चार्जर आणून शंभर रुपयांची केबल लावली की “चार्जर स्लो आहे” अशी तक्रार येते ती यामुळेच.

युरोपने हे सक्तीचं केलंय. फोन, टॅब, कॅमेरा अशा वस्तूंसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख. शिवाय चार्जरशिवाय वस्तू घ्यायचा पर्याय ग्राहकाला द्यायचा. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने बोलावलेल्या बैठकीत उद्योगवाल्यांनी फोन, टॅब, लॅपटॉपला टाइप-सी मान्य असल्याचं सांगितलं, जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्युरोने मानकही आणलं, पण ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे कंपनीच्या मर्जीवर.

केंद्राची सक्ती येईल तेव्हा येईल. आपल्या हातात काय आहे? जिल्हा परिषदेच्या शाळांना, ग्रामपंचायतींना, वाचनालयांना लॅपटॉप घेतले जातात. आमदार-खासदार निधीतून, पतसंस्थांच्या पैशातून विद्यार्थ्यांना वाटले जातात, फोटो छापून येतात. त्या खरेदीच्या अटींत एक ओळ घाला. लॅपटॉप टाइप-सी पॉवर डिलिव्हरीने चार्ज होणारा असावा आणि चार्जरवर चालू आर नंबर असावा. एक रुपया जास्त लागत नाही. नाहीतर काय होतं ते शाळांत जाऊन बघा. लॅपटॉप चांगला, चार्जर गेलेला, त्या पिनेचा मिळत नाही, आणि लॅपटॉप कपाटात. गुरुजी स्वतःच्या खिशातून स्वस्तातला आणतात, तोही दोन महिन्यांत जातो, आणि त्या टेबलाभोवती चौथीची पोरं बसलेली असतात.

तर या सोमवारी दुपारी तीन वाजता आम्ही काही जण तहसील कार्यालयात दोन पानांचं निवेदन द्यायला जातोय. मागण्या दोनच. चार्जर विकणाऱ्या दुकानांत आर नंबर आणि पाकिटावरचा पत्ता तपासायला संबंधित विभागांना सांगा, आणि तालुक्यातल्या सरकारी लॅपटॉप खरेदीत वरची अट घाला. दुकानदारांपैकी दोघांनी सही करायचं कबूल केलंय, त्यांचे आभार. यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा. येताना घरातला चार्जर सोबत आणा, बाहेर झाडाखाली बसून सगळ्यांचे आर नंबर ॲपवर टाकून बघू. किती निघतात आणि किती नाही, तो आकडा निवेदनाला हाताने लिहून जोडायचा आहे.